सनद देणाऱ्यांचा हिशेब कोण घेणार?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



गेल्या अभ्यासवर्गात शिक्षणाच्या खाजगीकरणावर चर्चा चालली असताना एका तरुण कार्यकर्त्याने मला अडचणीत टाकणारा प्रश्न विचारला. तो म्हणाला, ‘‘सर, अमेरिकेतल्या चार्टर शाळांना पैसा सरकारचा, प्रवेशाला फी नाही, कारभार मात्र स्वतंत्र, आणि शाळा नीट चालली नाही तर ती बंद करण्याचा अधिकार समाजाने राखून ठेवलेला. यात आपण विरोध करण्यासारखे काय आहे? आपल्याकडच्या कित्येक अनुदानित शाळांपेक्षा तिथे उत्तरदायित्व अधिकच नाही काय?’’ त्या दिवशी मी खाजगीकरणाच्या विरोधात चार ठराविक वाक्ये बोलून वेळ मारून नेली. घरी गेल्यावर त्याची टोचणी लागून राहिली. पस्तीस वर्षे अर्थशास्त्र शिकवलेल्या माणसाने प्रश्नाला घोषणेने उत्तर देऊ नये. म्हणून मध्यंतरी जे मिळाले ते वाचले, आणि आज ते उत्तर पुन्हा देण्यासाठी उभा आहे.

प्रथमच सांगतो की आजचा माझा विषय शाळा हा नाही. शाळांवर देखरेख करणारे, आणि त्या देखरेख करणाऱ्यांची परीक्षा घेणारे, हा विषय आहे. त्या तरुण मित्राच्या प्रश्नाचे मर्म तिथेच आहे. ‘बंद करण्याचा अधिकार राखून ठेवलेला’ असे तो म्हणाला. तो कोणाच्या हाती ठेवलेला आहे, आणि ज्याच्या हाती ठेवला त्याने तो वापरला नाही तर त्याला जाब कोण विचारतो, एवढेच आपल्याला पाहायचे आहे.

ही कल्पना मूळ कोणाची हे ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. ‘चार्टर’ म्हणजे सनद. रे बड नावाच्या मॅसॅच्युसेट्समधील एका प्राध्यापकाने शिक्षकांच्या गटांना सनद द्यावी अशी सूचना केली होती; ती देशभर नेली ती अल्बर्ट शँकर यांनी, १९८८ साली. हे शँकर कोणी उद्योगपती नव्हेत. अमेरिकेतील शिक्षकांच्या दोन मोठ्या संघटनांपैकी एकीचे ते अध्यक्ष होते, कामगार चळवळीत वाढलेले. सार्वजनिक शाळेच्या पोटातच शिक्षकांनी स्वतःच्या जबाबदारीवर प्रयोगशाळा चालवाव्यात, असे त्यांच्या मनात होते. १९९१ मध्ये मिनेसोटा राज्याने पहिला कायदा केला, १९९२ मध्ये सेंट पॉल शहरात पहिली शाळा उघडली. आणि अवघ्या काही वर्षांत, नफ्यासाठी शाळा चालवणाऱ्या कंपन्या या वाटेने आत शिरू लागल्याचे पाहून, खुद्द शँकर या कल्पनेपासून दूर झाले. चांगल्या माणसाची कल्पना बाजाराच्या हाती कशी जाते याचा हा एक धडाच आहे, पण तो आजचा विषय नव्हे.

आता व्यवस्था समजून घेऊ. शाळा चालवू इच्छिणारे मंडळ एका संस्थेकडे अर्ज करते. ती संस्था करार करून त्यांना ठराविक मुदतीची, बहुधा पाच वर्षांची, सनद देते. त्या काळात शाळेची मुले काय शिकतात, पैसा कुठे जातो, कायदा पाळला जातो की नाही, हे तिने पाहायचे. आणि मुदत संपली की सनद वाढवायची की शाळा बंद करायची हे ठरवायचे. या संस्थेला मी सनददाता म्हणतो. ओहायोत तिला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. सनददाता कोण असू शकतो हे प्रत्येक राज्याचा कायदा ठरवतो. बहुतेक ठिकाणी तो स्थानिक शालेय जिल्हा असतो. हा आपला महसुली जिल्हा नव्हे. एका शहराच्या वा गावाच्या सार्वजनिक शाळा चालवणारी, बहुधा लोकनिर्वाचित मंडळाची, ती स्वायत्त संस्था असते. कुठे राज्याचे शिक्षण मंडळ सनद देते, कुठे विद्यापीठे, कुठे खास त्यासाठी नेमलेला आयोग, तर ओहायो आणि मिनेसोटात बिगरसरकारी धर्मादाय संस्थाही. आज तिथे सुमारे आठ हजार चार्टर शाळा आहेत, सदतीस लाखांच्या आसपास मुले त्यांत शिकतात, आणि सनददाते हजाराच्या घरात आहेत.

स्वायत्ततेच्या मोबदल्यात उत्तरदायित्व, असा या व्यवस्थेचा सौदा सांगितला जातो. सौदा ऐकायला न्याय्य आहे. पण अर्थशास्त्राचा विद्यार्थी कोणत्याही सौद्यात आधी एक गोष्ट विचारतो: या माणसाचे पोट कशावर चालते?

ओहायो, मिशिगन, इंडियाना या राज्यांत शाळेला जी सरकारी रक्कम मिळते तिच्या तीन टक्क्यांपर्यंत शुल्क सनददात्याला घेता येते. कॅलिफोर्नियात साधारणतः एक टक्का, आणि जागा जवळजवळ फुकट दिली असेल तर तीन टक्के. सरकारी रक्कम मुलांच्या संख्येवर ठरते. म्हणजे मुले वाढली की शाळेचे उत्पन्न वाढते, आणि शाळेचे वाढले की देखरेख करणाऱ्याचेही वाढते. शाळा वाईट असेल तर ती बंद करणे हे त्याचे कर्तव्य, आणि बंद केली की त्याच दिवशी त्याचे उत्पन्न बुडते. दारूबंदी अधिकाऱ्याचा पगार दारूच्या विक्रीवर टक्केवारीने ठरवावा, तशी ही रचना आहे. २००८ चे जागतिक अरिष्ट आठवा. गृहकर्जांच्या ज्या रोख्यांना पतमापन कंपन्यांनी सर्वोच्च दर्जा दिला, त्या मापनाची फी रोखे काढणारेच भरत होते. ज्याचे मापन करायचे त्याच्याच खिशातून मापन करणाऱ्याने जेवायचे, ही त्यातली गोम होती. माणसे दुष्ट होती म्हणून ते अरिष्ट आले असे मला वाटत नाही. सामान्य नीतीची माणसे त्या खुर्चीत बसवली तरी तेच झाले असते.

ओहायोचे उदाहरण मी थोडे विस्ताराने सांगणार आहे, कारण तिथे या साऱ्या गोष्टी एकाच ठिकाणी घडल्या. सनददात्यांनाच गुण द्यावेत, दर्जा द्यावा, आणि नापास होणाऱ्याचा अधिकार काढून घ्यावा, हा प्रयोगही तिथे जितक्या गांभीर्याने झाला तितका क्वचितच कुठे झाला असेल.

सन २००० मध्ये तिथे ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ नावाची ऑनलाइन शाळा सुरू झाली. इमारत नाही, वर्ग नाही. मूल घरी संगणकापुढे बसणार. तिची सनददाती टोलेडो भागातील एक सरकारी शैक्षणिक सेवा-संस्था होती. शाळेचे संस्थापक विल्यम लॅगर यांच्या स्वतःच्या दोन खाजगी कंपन्यांना शाळेचे व्यवस्थापन आणि अभ्याससाहित्य पुरवण्याचे कंत्राट होते, आणि राज्यातील राजकारण्यांना देणग्या देण्यात त्यांचा हात सढळ होता. शाळा एवढी फुगली की तिला वर्षाला दहा कोटी डॉलरांहून अधिक सरकारी पैसा मिळू लागला. २०१६ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने दाखवून दिले की वेळेत शिक्षण पूर्ण न करणारे विद्यार्थी साऱ्या देशात याच एका शाळेत सर्वाधिक आहेत. त्याच वर्षी राज्याच्या शिक्षण विभागाने प्रथमच, मुले खरोखर किती तास शिकतात याचा संगणकातील नोंदींवरून पडताळा घेतला. शाळेने सुमारे १५,३०० पूर्णवेळ विद्यार्थी दाखवले होते. पुरावा सुमारे ६,३०० विद्यार्थ्यांचाच मिळाला. एका वर्षाचे सहा कोटी डॉलर परत करा असा आदेश निघाला, पुढच्या वर्षाचे धरून आकडा आठ कोटींच्या आसपास गेला. जानेवारी २०१८ मध्ये, ऐन वर्षाच्या मध्यावर, सनददातीने सनद स्थगित केली आणि शाळा बंद पडली. सुमारे बारा हजार मुले दुसरी शाळा शोधत बाहेर पडली. त्यात घरी आजारपण असलेली होती, नेहमीच्या शाळेत छळ झालेली होती, कामाला जाणारी होती. ऑनलाइन शाळा निवडण्याची वेळ बहुधा अशांवरच येते. सर्वोच्च न्यायालयाने राज्याचा पडताळा कायदेशीर ठरवला तो त्यानंतर, ऑगस्ट २०१८ मध्ये.

आता विचारा, सनददाती सतरा वर्षे काय पाहत होती? तिने काहीच पाहिले नाही असे मी म्हणत नाही. पण तिच्या टक्केवारीचा कायदेशीर पाया पटावरची मुले हाच होता. पटावरची मुले खोटी आहेत काय, हा प्रश्न तिने विचारावा अशी अपेक्षा कायदा करत होता, आणि तो विचारू नये अशी सोयही तोच करून देत होता.

अशा देखरेखीला ओहायोत २०१२ मध्येच उतारा शोधला गेला होता. तिथल्या विधिमंडळाने ठरवले की प्रत्येक सनददात्याचे मूल्यमापन व्हावे आणि त्याला तीन भाग असावेत. त्याच्या शाळांतील मुलांची शैक्षणिक प्रगती हा एक. कायदे-नियमांचे पालन हा दुसरा. आणि अर्ज कसे तपासतो, करार कसा करतो, भेटी कशा देतो, ही कामाची पद्धत हा तिसरा. यांवरून चार श्रेणी: आदर्श, परिणामकारक, अपरिणामकारक आणि निकृष्ट. कागदावर याहून चांगली व्यवस्था मलाही सुचली नसती.

पहिल्या श्रेणी २०१५ मध्ये जाहीर होऊ लागल्या, आणि थोड्याच दिवसांत उघड झाले की ऑनलाइन शाळांचे नापास शेरे हिशेबातून वगळलेले आहेत. ते वगळले होते राज्याच्या शिक्षण विभागातील, या कामाच्या प्रमुख अधिकाऱ्यानेच. जुलै २०१५ मध्ये राज्य शिक्षण मंडळापुढे त्याने ते कबूल केले आणि काही दिवसांत राजीनामा दिला. त्याची पत्नी गव्हर्नरांच्या कार्यालयाची प्रमुख होती आणि त्याच सुमारास गव्हर्नरांच्या अध्यक्षपदाच्या प्रचाराची सूत्रे तिच्याकडे आली होती. जाहीर केलेल्या श्रेणी मागे घ्याव्या लागल्या. म्हणजे शाळेवर सनददाता, सनददात्यावर विभाग. आणि विभागातला माणूस त्याच तंबूतला निघाला.

तरीही ओहायोवर मी अन्याय करणार नाही. या प्रकरणानंतर तिथे वृत्तपत्रांनी पिच्छा सोडला नाही, २०१५ च्या अखेरीस नवा कायदा झाला, आणि ऑक्टोबर २०१६ मध्ये पुन्हा श्रेणी निघाल्या. ६५ सनददात्यांपैकी आदर्श एकही नाही. परिणामकारक फक्त ५, अपरिणामकारक ३९, निकृष्ट २१. निकृष्ट ठरलेल्याचा अधिकार, अपिलाची संधी देऊन, काढून घेण्याची तरतूद होती. लागोपाठ तीन वर्षे अपरिणामकारक ठरला तरी तेच. यानंतर अनेकांनी हे काम सोडले, काहींचा अधिकार गेला. मोजमापाला दात असले की काय होते ते इथे दिसले. मोजमाप निरुपयोगी असते असे मानणाऱ्या आपल्यातील मित्रांनी हेही लक्षात घ्यावे.

पण त्यांतल्या ‘नियमांचे पालन’ या भागाविषयी मला एक शंका आहे, आणि ती पुस्तकातून आलेली नाही. शेकडो नियमांची यादी, प्रत्येकापुढे खूण, प्रत्येक खुणेला पुरावा म्हणून कागद, अशी ती पद्धत. ती वाचताना मला माझी स्वतःची एक जुनी भेट आठवली. नोकरीत असताना संलग्नीकरणासाठी येणाऱ्या महाविद्यालयांची पाहणी करणाऱ्या स्थानिक चौकशी समितीवर माझी नेमणूक झाली होती. गावाचे नाव सांगत नाही. ग्रंथालयात पुस्तके नियमात सांगितली होती त्याहून थोडी अधिकच होती. मी एक पुस्तक उघडले, त्यावर शेजारच्या तालुक्यातील महाविद्यालयाचा शिक्का. दुसरे उघडले, तोच शिक्का. समितीचे अध्यक्ष म्हणाले, ‘‘प्राध्यापक, आपल्याला संख्या विचारली आहे.’’ संख्या बरोबर होती. जेवण उत्तम होते. मी सही केली. पुढच्या वर्षी दुसऱ्या ठिकाणी असाच प्रकार दिसला तेव्हा मात्र मी वेगळे मत लिहून दिले. संलग्नता मिळायची ती मिळालीच, आणि त्यानंतर मला समितीवर बोलावणे आले नाही. पहिल्या वर्षीची सही मला आजही खुपते, म्हणूनच दुसऱ्या देशातील देखरेख करणाऱ्यांना नावे ठेवताना माझा आवाज फार चढत नाही. एवढे मात्र अनुभवाने सांगतो की खुणांच्या यादीतून शिक्का दिसत नाही.

ओहायोबाहेर निराळ्याच पळवाटा होत्या. एका सनददात्याने कान उपटले तर शाळेने दुसरा गाठायचा. इंडियानात बॉल स्टेट विद्यापीठाने २०१३ च्या आरंभी सात शाळांची सनद वाढवायला नकार दिला. धाडसाचे काम होते. परंतु त्यांतील काहींनी दुसरे सनददाते मिळवले आणि त्या चालू राहिल्या. जिथे सनददाते अनेक आणि प्रत्येकाला शुल्क हवे, तिथे कठोर सनददात्याकडे गिऱ्हाईक फिरकत नाही. स्पर्धेमुळे गुणवत्ता वाढते असे पाठ्यपुस्तक सांगते. इथे स्पर्धा होती ती सौम्यपणाची. मिशिगनमध्ये २०१४ मध्ये राज्याच्या शिक्षणप्रमुखांनी चाळीसपैकी अकरा सनददात्यांची नावे ‘धोक्याच्या यादीत’ घातली. त्यांच्या हाती होते काय? नवी सनद देणे थांबवण्याचा अधिकार, एवढेच. जुन्या शाळा आणि त्यांची टक्केवारी आपापल्या जागी.

आणि कॅलिफोर्निया. तिथले सनददाते बहुतांशी लोकनिर्वाचित शालेय जिल्हे आहेत. लोकांनी निवडलेली संस्था देखरेखीला असली म्हणजे प्रश्न मिटला असे मानण्याकडे आपला कल असतो, म्हणून हे उदाहरण आपल्याला बोचले पाहिजे. सॅन डिएगोजवळ देहेसा नावाचा एक चिमुकला शालेय जिल्हा. त्याच्या स्वतःच्या शाळेत दीडशेच्या आसपास मुले. पण त्याने सनद दिलेल्या शाळांच्या पटावर हजारो मुले, तीही बाहेरगावची. लहान जिल्ह्याला पैशाची चणचण असते. एक टक्का इथे फार मोठा वाटतो. ऑक्टोबर २०१७ मध्ये राज्याच्या लेखापरीक्षकाने इतर काही लहान जिल्ह्यांची तपासणी करून इशारा दिला होता की हद्दीबाहेरच्या शाळांना गैररीतीने सनदा दिल्या जात आहेत आणि देखरेख अपुरी आहे. मे २०१९ मध्ये सॅन डिएगोच्या सरकारी वकिलांनी एकोणीस ऑनलाइन शाळांच्या जाळ्याबद्दल अकरा जणांवर आरोप ठेवले. त्यांत देहेसाच्या अधीक्षकांचाही समावेश होता. या जाळ्याने राज्याकडून चाळीस कोटी डॉलर घेतले होते. पद्धत काय? उन्हाळ्यात मैदानावर खेळायला येणाऱ्या मुलांची नावे क्रीडासंघांकडून पैसे देऊन मिळवायची आणि ती शाळेच्या पटावर चढवायची. पुष्कळ मुलांना आपण कोणत्या शाळेत ‘शिकतो’ हे ठाऊकच नव्हते. सूत्रधारांनी २०२१ मध्ये गुन्हा कबूल केला, वीस कोटींहून अधिक डॉलर वसूल करण्याची व्यवस्था झाली. इथे मतदार होते, निवडणूक होती. पण देहेसाचे मतदार देहेसाचे, आणि शाळांतली मुले दुसऱ्या परगण्यातली. ज्या पालकांच्या मुलांचे नुकसान होते त्यांना त्या मंडळाला मत देण्याचा अधिकार नव्हता, आणि ज्यांना होता त्यांना त्या शाळांशी देणेघेणे नव्हते; जिल्ह्याच्या तिजोरीत भर पडते आहे, एवढेच त्यांना दिसत असणार.

सनददात्यांची स्वतःची एक राष्ट्रीय संघटना आहे, २००० साली स्थापन झालेली. २००४ पासून तिने कामाची मानके प्रसिद्ध केली आहेत. पुढे बारा आवश्यक पद्धतींची सूचीही केली. सूची समंजस आहे, मी वाचली. परंतु ती सभासदांनी सभासदांसाठी केलेली आहे. वकिलांची परिषद वकिलांना जेवढा जाब विचारते तेवढाच तिच्याकडूनही अपेक्षित धरावा. मिनेसोटाने निराळी वाट धरली. २००९ मध्ये तिथे कायद्याने सर्वच सनददात्यांना शासनाकडे नव्याने मान्यता मागायला लावली, नंतर शासनाकडूनच ठराविक काळाने त्यांचे मूल्यमापन सुरू केले. हौसेने सनददाते झालेल्या अनेक संस्था त्या चाळणीतून बाहेर पडल्या.

आता माझ्या विरोधातला पुरावा. तो दडवला तर हा अभ्यासवर्ग कशाला? मॅसॅच्युसेट्समध्ये चार्टर शाळांचा कायदा १९९३ मध्ये झाला. तिथे सनद देणारे एकच: राज्याचे शिक्षण मंडळ. दुसरा सनददाता शोधायची सोय नाही, शाळांच्या संख्येला कायद्याने मर्यादा, आणि नीट न चालणाऱ्या शाळा तिथे खरोखर बंद झाल्या आहेत. प्रवेशाची सोडत असल्याने सोडतीत नंबर लागलेली व न लागलेली मुले यांची तुलना करता येते. तशा तुलना एमआयटीतील जोशुआ अँग्रिस्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी केल्या. हेच अँग्रिस्ट २०२१ मध्ये अर्थशास्त्राच्या नोबेलचे मानकरी झाले. बॉस्टनच्या चार्टर शाळांत गरीब आणि कृष्णवर्णीय मुलांची प्रगती लक्षणीय झाल्याचे त्यांना आढळले. हे निष्कर्ष भक्कम आहेत. ते आपल्याला आवडतात की नाही हा प्रश्न गैरलागू आहे. देशभराचे चित्र मात्र संमिश्र आहे, आणि ऑनलाइन शाळांचे तर वाईटच. यातून मी काढतो तो निष्कर्ष असा: सनद देणारा एक असावा, सार्वजनिक असावा, पळायला दुसरे दार नसावे, मग शाळा कोण चालवतो याला मी समजत होतो तितके महत्त्व उरत नाही. चाळीस वर्षांपूर्वी हे वाक्य मी उच्चारले नसते.

पण त्याच मॅसॅच्युसेट्सची कथा इथे संपत नाही. २०१६ मध्ये शाळांची मर्यादा वाढवावी काय यावर तिथे लोकांचा कौल घेतला गेला, आणि ६२ टक्के मतदारांनी नकार दिला. चांगल्या शाळा वाढायला लोक नको का म्हणतात? कारण मूल चार्टर शाळेत गेले की त्याच्यामागचा पैसाही जातो, आणि गावाच्या शाळेत मागे राहिलेल्या मुलांच्या वर्गाचे भाडे, वीज, शिक्षक यांचा खर्च तेवढाच राहतो. सनददात्याच्या कोणत्याही गुणपत्रिकेत मागे राहिलेल्या मुलांसाठी रकाना नाही. अँग्रिस्ट यांच्या तुलनेतही सोडतीत भाग घेतलेली मुलेच आहेत. मतदारांनी जो हिशेब मांडला तो मोजमापात बसत नव्हता, म्हणून तो चुकीचा होता असे नव्हे.

वॉशिंग्टन राज्यात हाच प्रश्न न्यायालयात गेला. २०१२ मध्ये लोकमताने मंजूर झालेला चार्टर शाळांचा कायदा सप्टेंबर २०१५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरवला. सार्वजनिक शाळांसाठी राखलेला निधी मतदारांच्या नियंत्रणाखालील शाळांनाच मिळू शकतो, आणि या शाळा नेमलेल्या मंडळाच्या हाती आहेत, असे कारण दिले. पुढच्या वर्षी विधिमंडळाने तोडगा काढला, की त्या निधीऐवजी लॉटरीच्या उत्पन्नातून पैसा द्यावा. २०१८ मध्ये न्यायालयाने तो बहुतांशी मान्य केला. मुलांच्या शिक्षणाचा पैसा लॉटरीतून आला की लोकनियंत्रणाची अट सुटते, हे तर्कशास्त्र मला अजून पचलेले नाही.

एवढ्या दूरची कथा मी इथे का सांगितली? मुंबई आणि पुणे महानगरपालिकांच्या काही शाळा स्वयंसेवी संस्थांमार्फत चालवल्या जातात. मुंबई महापालिकेने २०१३ मध्ये अशा भागीदारीचे धोरणच केले. इमारत पालिकेची, मुले आपल्या वस्त्यांतली, कारभार करारावर. यांपैकी काही शाळा मी पाहिल्या आहेत आणि मुले तिथे आनंदाने शिकताना पाहिली आहेत. आंधळा विरोध मी करणार नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य शासनाने ‘दत्तक शाळा’ योजनेचा निर्णय काढला, तो आपणा सर्वांना माहीत आहे. आपण या साऱ्यावर मोर्चे काढतो, आणि ते काढावेतच. पण करार वाचलेला कार्यकर्ता मला अजून भेटलेला नाही.

तेव्हा पुढच्या वर्गासाठी गृहपाठ. ज्यांच्या वॉर्डात अशी शाळा आहे त्यांनी माहितीच्या अधिकारात तिच्या कराराची प्रत मागवावी. तीन कलमे शोधावीत. शाळेची तपासणी कोण करणार, आणि त्याचा पगार वा शुल्क कुठून येणार. तपासणीचा अहवाल पालकांना दाखवला जाणार की पालिकेच्या कपाटात राहणार. आणि करार वर्षाच्या मध्येच तुटला तर मुले दुसऱ्या दिवशी कुठे बसणार, हे कोणी लेखी दिले आहे काय. उत्तर आले नाही तर अपील करावे, मुदत तीस दिवसांची आहे. मिळालेल्या प्रती माझ्याकडे पाठवा. ज्या तरुण मित्राने गेल्या वेळी प्रश्न विचारला होता त्याच्याकडे त्या एकत्र करण्याचे काम सोपवले आहे. त्याने होकार दिला आहे, आणि तो आज पहिल्या रांगेत बसला आहे.